ओरखड्याला कारण हवं

चित्रपटातली शिरस्त्राणं हुबेहूब घडवून रंगवणाऱ्यांमध्ये एका शिरस्त्राणाला आजही कसोटीचा मान आहे: 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मधल्या बोबा फेटचं. राल्फ मॅक्वॉरी आणि जो जॉन्स्टन यांनी हा पोशाख आधी संपूर्ण पांढरा कल्पिला होता. पुढे तो एका भाडोत्री शिकाऱ्यासाठी वापरायचं ठरलं, तेव्हा जॉन्स्टननी त्यावर रंग चढवले आणि ते जागोजागी उडालेलेही दाखवले. कपाळावर एक पोचा आहे. रंग उडालेल्या जागांच्या कडा निरखून पाहा. हिरव्याखाली दर वेळी थेट चंदेरी लागत नाही, कुठे कुठे मध्येच तिसरा रंग डोकावतो. याच्या मालकाने हे पूर्वी कधीतरी पुन्हा रंगवून घेतलं असणार, हे न सांगता पटतं.

असे थर उघडे पाडायच्या युक्त्या आता सर्वांना ठाऊक आहेत. आधी चंदेरी रंग, त्यावर वार्निश. हवे तिथे द्रवरूप लॅटेक्सचे ठिपके, किंवा ओलसर पृष्ठभागावर जाड मीठ. वरून मुख्य रंग फवारायचा आणि वाळला की ठिपके बोटाने सोलायचे, मीठ झाडून टाकायचं. हेअरस्प्रेच्या थरावर ॲक्रिलिक फवारून ओल्या ब्रशने घासलं तरी रंगाचे टवके निघतात. शेवटी काळपट तपकिरी पातळ रंग खाचांत सोडून उंचवट्यांवरून पुसून घेतात.

हात तयार झाले आहेत, नजर मात्र मागे पडली आहे. हल्ली बहुतेक शिरस्त्राणांच्या प्रत्येक कडेवर सारख्याच जाडीचे चंदेरी ओरखडे असतात आणि प्रत्येक खाचेत तितकीच काजळी. खरी झीज अशी समान वाटणीने होत नाही. काढताना-घालताना हात लागतो तिथला रंग आधी गुळगुळीत होतो, मग उडतो. पावसाचे ओघळ खालीच जातात. याच चित्रपटमालिकेतल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकाच्या पांढऱ्या शिरस्त्राणावर चंदेरी टवके काढणाऱ्यांचं तर मला खरोखर वाईट वाटतं. मालिकेच्या पहिल्या चित्रपटातले वाळवंटातले असे सैनिक धुळीने आणि मळाने माखलेले आहेत, आणि तेवढ्यानेच ते खरे वाटतात.

बोबा फेटच्या एकेका ओरखड्याचे छाप कापून रंगवणाऱ्यांची चिकाटी मोठी आहे. त्यातून मूळ रंगांचा बारीक अभ्यास झाला, हे ऋण मान्यच करायला हवं. पण छाप बाजूला ठेवून स्वतःच्या मनातलं पात्र रंगवायला सांगितलं, की त्यातले बरेच जण अडखळतात.

थ्रीडी प्रिंटिंगमुळे सांगाडा घरबसल्या मिळू लागला आणि तयारीचं काम मागे पडलं. छपाईच्या रेषा पुट्टी, प्रायमर आणि पॉलिश पेपरच्या फेऱ्यांनीच जातात. त्या झाकायला वर मळ थापला, तर मळ रेषांतच बसतो आणि त्या आणखी उठून दिसतात. 'द मँडलोरियन' (२०१९) च्या लखलखीत शिरस्त्राणाने ही पळवाट बंद केली, ते बरंच झालं. त्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर राहिलेली एक रेषसुद्धा लपत नाही. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर. मुंबईच्या दमट हवेत लॅकर फवारलं की त्यावर पांढुरकी झाक धरते. पॉलिशच्या कामाला म्हणूनच कोरडा दिवस बघावा लागतो; धुळकट, मळकट शिरस्त्राणावर ॲक्रिलिकचा हात मात्र ऐन श्रावणातही फिरवता येतो, फक्त प्रत्येक थर वाळायला दुप्पट धीर धरायचा.