रोखठोक परीक्षणाचे स्मरणरंजन : मोटार-नियतकालिकांतील एका गद्यप्रकाराची चिकित्सा

१

जुन्या मोटारींविषयी हळहळणे समजण्यासारखे आहे. वस्तू नाहीशी होते, तिच्याशी जडलेले वय सरते आणि मागे आठवण उरते. जुन्या मोटारींच्या परीक्षणांविषयी हळहळणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. समीक्षेच्या अभ्यासकाने तिची दखल घ्यावी असे तिच्यात काही आहे. इंग्लंड-अमेरिकेतील मोटार-नियतकालिकांच्या वाचकवर्गात ही हळहळ बऱ्याच काळापासून व्यक्त होते. पूर्वीचे परीक्षक खरे बोलत, नाव घेऊन बोलत, हसवत बोलत. आताचे परीक्षक उत्पादकाच्या पत्रकाची भाषा बोलतात, अशी तिची सर्वसाधारण मांडणी असते. जुने अंक जपून ठेवणारा आणि त्यांतील परीक्षणे पुन्हा पुन्हा वाचणारा वाचक त्या गाड्या विकत घेऊ शकत नाही. त्या कधीच भंगारात गेल्या आहेत. ग्राहकोपयोगी माहिती म्हणून ज्याचे आयुष्य जेमतेम महिन्याभराचे, ते लेखन पन्नास वर्षांनंतरही वाचले जात असेल, तर त्याला वाङ्मयीन मूल्य आहे असे मानावे लागते. हे मूल्य कशात आहे, आणि त्याविषयीची हळहळ कितपत न्याय्य आहे, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

२

या गद्यप्रकाराच्या मुळाशी दोन परस्परविरोधी प्रवृत्ती आहेत. पहिली मोजमापाची. १८९५ मध्ये निघालेल्या ‘ऑटोकार’ या ब्रिटिश साप्ताहिकाने १९२८ पासून ‘रोड टेस्ट’ची पद्धत रुजवली. वेग, ब्रेक लागल्यावर गाडी थांबण्याचे अंतर, इंधनाचा खप यांचे तक्ते आणि लेखकाचे नाव नसलेला संयत मजकूर, असे तिचे स्वरूप होते. या परीक्षणाचा निवेदक म्हणजे एक संस्था आहे. ती रागावत नाही आणि भारावूनही जात नाही.

दुसरी प्रवृत्ती व्यक्तिमत्त्वाची. अमेरिकेत टॉम मॅकहिल १९४६ पासून ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’मध्ये लिहू लागला. त्यामागील परिस्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. युद्धामुळे १९४२ मध्ये अमेरिकेतील नागरी मोटारींचे उत्पादन थांबले होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा वाचक नव्या गाड्यांसाठी भुकेलेला होता, आणि उत्पादकाला विक्रीची चिंता नव्हती. मॅकहिलने या भुकेल्या वाचकासमोर गाड्यांची चिरफाड सुरू केली. अफाट, कधी कधी असभ्यतेच्या काठावरून जाणाऱ्या उपमा हे त्याचे हत्यार होते. ताशी शून्य ते साठ मैल वेग गाठण्यास लागणारा काळ मोजण्याची प्रथा रुजविण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते, ही बाब अर्थपूर्ण आहे. विनोदी उपमा आणि घड्याळ ही दोन्ही साधने एकाच माणसाच्या हाती होती.

येथे उपमेचे कार्य नीट समजून घेतले पाहिजे. मोटार चालविण्याचा अनुभव मुख्यतः शारीर असतो. स्टीअरिंगमधून तळव्यांना जाणवणारा रस्ता, वळणावर आसनात घसरणारे अंग, खड्ड्यानंतर मणक्यात उमटणारा हादरा, यांतले काहीच तक्त्यात येत नाही. वाचकाने ती गाडी चालविलेली नसते आणि बहुधा चालविणारही नसतो. त्याच्यापर्यंत हा अनुभव पोचवायचा, तर त्याच्या ओळखीच्या दुसऱ्या अनुभवाचा आधार घ्यावाच लागतो. म्हणून उत्तम मोटार-परीक्षणातील उपमेला अलंकार म्हणणे अपुरे आहे. ती ज्ञानाचे साधन आहे. वाचक हसतो, त्या क्षणी त्याला त्या गाडीविषयी काहीतरी नेमके कळलेले असते. हसू येऊनही काहीच कळले नसेल, तर ती उपमा फसलेली असते. विनोदाची अशी कसोटी ललित गद्याच्या विचारातही उपयोगी पडावी.

३

या दोन प्रवृत्तींचा सर्वांत समृद्ध संयोग ब्रिटिश मासिक ‘कार’मध्ये आढळतो. १९६२ मध्ये ‘स्मॉल कार’ म्हणून सुरू झालेल्या या मासिकाने १९६५ मध्ये सध्याचे नाव घेतले. त्यातील ‘जायंट टेस्ट’ या सदरात प्रतिस्पर्धी गाड्या एकमेकींसमोर उभ्या केल्या जात, आणि शेवटी निवाडा दिला जाई. अखेरच्या पानांवरील सूचीत तर बाजारातील गाड्यांची चांगल्या, वाईट आणि कुरूप अशी वर्गवारी असे, आणि मोजक्या शब्दांत त्यांचा निकाल लावलेला असे. निवाडा टाळायचा नाही, हा या मासिकाचा अलिखित दंडक होता.

एल. जे. के. सेटराइट (१९३१–२००५) हा याच मासिकाचा लेखक. त्याने कायद्याचे शिक्षण घेतले होते, तो क्लॅरिनेट वाजवीत असे, आणि टायर व इंजिन या विषयांवर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिले. सस्पेन्शनच्या भूमितीवरून तो संगीताकडे वळे, तेथून लॅटिन व्युत्पत्तीकडे जाई आणि पुन्हा गाडीकडे परत येई. त्याचा वाचक या संदर्भांपैकी निम्मे तरी ओळखत नसणार. तरीही सेटराइटने वाचकासाठी आपली पातळी उतरवली नाही. वाचक आपल्याबरोबर चढू शकेल हे त्याने गृहीत धरले. जुन्या परीक्षणांविषयीच्या हळहळीत या गृहीतकाचा वाटा मोठा आहे. वाचकाची आठवण केवळ लेखकाविषयीची नसते. त्या लेखनाने आपल्याला कोण मानले होते, हेही त्याला आठवत असते. समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे, तर हरवला आहे तो त्या संहितेतील अभिप्रेत वाचक.

अमेरिकेत डेव्हिड ई. डेव्हिस (१९३०–२०११) याने ‘कार अँड ड्रायव्हर’च्या एप्रिल १९६८ च्या अंकात बीएमडब्ल्यू २००२ या गाडीवर लिहिलेले परीक्षण याच परंपरेतील मानले जाते. त्याचे शीर्षकच भजनपुस्तक उघडण्याचे आवाहन करते, आणि सबंध लेख धर्मोपदेशकाच्या आविर्भावात लिहिलेला आहे. परंतु स्तुतीच्या या महापुरातही डेव्हिसने गाडीतील रेडिओची निर्भर्त्सना केली. दोषाचा असा एक कठीण कण शिल्लक राहिला म्हणूनच बाकीच्या स्तुतीला वजन आले. ज्या लेखात निंदेची शक्यताच नाही, त्यातील स्तुतीला अर्थ उरत नाही.

रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांचा विचार मांडला आहे. त्या विचाराच्या प्रकाशात मोटार ही विलक्षण वस्तू ठरते. ती उपयोगाची आहे आणि उपयोगापलीकडचीही आहे. रोलाँ बार्थने १९५५ मध्ये अवतरलेल्या सिट्रोएन डीएसवर लिहिताना (‘मिथॉलॉजीज’, १९५७) मोटारीची तुलना गॉथिक कॅथेड्रलांशी केली. त्याने प्रदर्शनातील गाडी आणि तिला हात लावून पाहणारी माणसे पाहिली. गाडी चालविली नाही. त्याच्या लेखी ती चिन्ह आहे. परीक्षकाला मात्र ते चिन्ह पावसात, चढावर, गर्दीत चालवावे लागते. बार्थचा लेख मोटारीचे मिथक उलगडतो, तर परीक्षण त्या मिथकाला रस्त्यावर आणून त्याचे ब्रेक तपासते. मिथकभंगाची ही अधिक सामान्य, पण अधिक व्यवहार्य रीत आहे.

४

येथवर स्मरणरंजनाची बाजू झाली. तिची चिकित्साही आवश्यक आहे.

‘पूर्वीचे परीक्षक खरे बोलत’ हे या स्मरणरंजनाचे केंद्रवर्ती विधान. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. ‘कार अँड ड्रायव्हर’च्या मार्च १९६४ च्या अंकात पाँटिअ‍ॅक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची प्रसिद्ध तुलना आली. तिचा सूर बेधडक, बंडखोर आणि प्रतिष्ठितांची खोड मोडणारा होता. पण या दोन गाड्या प्रत्यक्षात समोरासमोर धावल्याच नव्हत्या. शिवाय चाचणीसाठी दिलेल्या पाँटिअ‍ॅकमध्ये जाहीर केलेल्या ३८९ घनइंचांच्या इंजिनाऐवजी ४२१ घनइंचांचे इंजिन बसविले होते, हे पाँटिअ‍ॅकच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या जिम वँगर्सने १९९८ मधील आपल्या आत्मपर ग्रंथात उघड केले. ज्या परीक्षणाने रोखठोकपणाची कीर्ती वाढविली, त्याचा पायाच असा डळमळीत होता. रोखठोकपणा ही शैली आहे आणि सत्यनिष्ठा ही नीती आहे. पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही. स्मरणरंजन नेमकी हीच गफलत करते.

मराठी वाचकाला ही गफलत अपरिचित नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४) मराठी गद्याला उपरोधाची धार दिली, हे निर्विवाद. त्याच धारेने जोतीराव फुले यांच्या लेखनातील व्याकरणावर वार केले, आणि त्यातील आशय मात्र टाळला. वाक्य झणझणीत आहे म्हणून ते न्याय्य ठरत नाही. कधी कधी झणझणीतपणा हा न्याय चुकविण्याचाच मार्ग असतो. इंग्रजी मोटार-परीक्षणाचेही पुढे असेच झाले. गाडीविषयी काही सांगण्यासाठी योजलेली उपमा हळूहळू लेखकाविषयी सांगू लागली. त्या बेफिकीर पुरुषी गप्पाष्टकात स्त्री-वाचकाला जागा नव्हती, आणि परदेशीय माणसांची टिंगल हा सवंग हशाचा हुकमी मार्ग ठरला. घड्याळ गळून पडले, उपमा तेवढी उरली.

आजच्या सौम्यतेचे सगळे खापर परीक्षकाच्या भित्रेपणावर फोडणेही योग्य नाही. परीक्षणाचा विषयच बदलला आहे. १९७३ मध्ये आलेल्या ऑस्टिन अ‍ॅलेग्रोला सुरुवातीस चक्क चौकोनी वळणाचे स्टीअरिंग होते. त्याच दशकातील अल्फासूद वळणांवर अप्रतिम चाले आणि उभ्या उभ्या गंजे. अशा ढळढळीत गुणदोषांच्या गाड्या परीक्षकाला पात्रांसारख्या भेटत. आज बहुतेक गाड्या सकाळी सुरू होतात, ब्रेक दाबला की थांबतात आणि गंजत नाहीत. सर्वत्र सरासरी कर्तबगारी असेल, तर निंदेला आधार उरत नाही आणि स्तुतीलाही.

तरीही हे कारण अपुरे आहे. दुसरे कारण आर्थिक असून ते अधिक गंभीर आहे. चाचणीची गाडी उत्पादक देतो, प्रवासखर्च अनेकदा तोच करतो आणि नियतकालिकाच्या जाहिरातीही त्याच्याच असतात. डॅन नील याला ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधील मोटार-परीक्षणांसाठी २००४ मध्ये समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मोटार-परीक्षण ही समीक्षा आहे याला मिळालेली ही मान्यता होती. पुढल्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, त्याने पाँटिअ‍ॅक जी-६ च्या निमित्ताने जनरल मोटर्सच्या नेतृत्वावर टीका केली. तेव्हा तथ्यांच्या चुका झाल्याचे सांगत कंपनीने त्या वृत्तपत्रातील आपल्या जाहिराती काढून घेतल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा सुरू झाल्या, पण धडा सर्वांनाच मिळाला. परीक्षकाच्या वाक्याची किंमत त्याचा मालक मोजतो, आणि मालक किती काळ ती मोजील यावर त्या वाक्याचे आयुष्य ठरते.

भारतातील इतिहास या मुद्द्याला उलट्या बाजूने दुजोरा देतो. अँबॅसिडर आणि प्रीमिअर पद्मिनी यांच्यापैकी एक निवडायची आणि तिच्यासाठीही वर्षानुवर्षे नंबर लावून थांबायचे, अशा काळात येथे मोटार-परीक्षणाची परंपरा रुजू शकली नाही. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, १९९३ मध्ये मोटारींचे उत्पादन परवानामुक्त झाले आणि ‘ऑटोकार’ची भारतीय आवृत्ती १९९९ मध्ये मुंबईतून निघाली. हा क्रम बोलका आहे. निवडीचा अवकाश नसेल तर परीक्षण जन्मत नाही, आणि नकाराचा अवकाश नसेल तर ते जगत नाही.

५

मग या स्मरणरंजनाचे काय करायचे? १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला, तो एका रोगाचे नाव म्हणून. स्वेतलाना बॉइमने २००१ मधील आपल्या ग्रंथात त्याचे दोन प्रकार मानले : गतकाळाची पुनःस्थापना करू पाहणारा आणि गतकाळाविषयी चिंतन करणारा. पहिल्या प्रकारचा वाचक म्हणेल की मॅकहिल, सेटराइट पुन्हा हवेत. तसे झाले तर मिळेल ती नक्कल, आणि अशी नक्कल पुरेशी झालेलीही आहे. दुसऱ्या प्रकारचा वाचक विचारील की त्या लेखनात आपल्याला जे लाभले, ते कोणत्या अटींवर शक्य झाले होते. लेखकाला विषयाचे ज्ञान होते, विधानाला मोजमापाचा लगाम होता, वाचकाला तुल्यबळ मानले जात होते आणि निवाडा देण्याची जबाबदारी टाळली जात नव्हती. या अटी कोणत्याही एका काळाच्या मालकीच्या नाहीत.

हा प्रश्न मोटारींपुरता मर्यादित नाही. पुस्तकांच्या मराठी परीक्षणांतही प्रस्तावना, प्रकाशनसमारंभातील भाषण आणि परीक्षण यांच्यातील सीमारेषा पुसट होत आली आहे. ‘स्वागतार्ह’, ‘उल्लेखनीय’, ‘मोलाची भर’ ही विशेषणे कोणत्याही पुस्तकाला लावता येतात. म्हणूनच ती कोणत्याच पुस्तकाविषयी काही सांगत नाहीत. वाईट पुस्तकाने कोणाचा अपघात होत नाही, हे खरे. परंतु वाईट पुस्तकाला वाईट म्हणण्याची सोय गेली, की चांगल्याला चांगले म्हणण्याचीही जाते. जुन्या अंकातील एखाद्या गाडीचे परीक्षण वाचून हळहळणाऱ्या माणसाला हे कळलेले असते. ती गाडी त्याला नको असते. तिच्याविषयी कोणीतरी आपल्याला खरे सांगितले, हसवत सांगितले आणि ते आपण पडताळून पाहू शकू अशा रीतीने सांगितले, एवढे त्याला पुन्हा अनुभवायचे असते.