हेतू कुठे आहे? फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मधला पात्रतेचा वाद

आजचा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात अमेरिकन फुटबॉल कुठून आला? पण ‘पात्र कोण?’ हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. आणि तो दरवर्षी घसा कोरडा होईपर्यंत विचारला जातो असं ठिकाण शोधायचं, तर ओहायो राज्यातल्या कँटन गावी जावं लागतं. अमेरिकेतले आपले श्रोते हा खेळ आमच्यापेक्षा जास्त पाहतात. त्यांनी जरा धीर धरावा, बाकीच्यांसाठी चार गोष्टी आधी सांगायला हव्यात.

आज जिला एनएफएल म्हणतात, ती व्यावसायिक लीग १९२० साली कँटनमध्ये, एका मोटारगाड्यांच्या दुकानात स्थापन झाली. म्हणून १९६३ साली त्याच गावात ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’ उघडलं. पहिल्या वर्षी सतरा जणांना मान मिळाला. निवड झालेल्याचा कांस्याचा अर्धपुतळा तिथे कायमचा बसतो. खेळाडू निवृत्त होऊन पाच हंगाम जावे लागतात. मग सुमारे पन्नास जणांची समिती बसते. त्यात बहुतेक क्रीडापत्रकार असतात. बंद दाराआड चर्चा होते, गुप्त मतदान होतं, आणि ऐंशी टक्के मतं पडली की माणूस आत. कोणी कुणाला आणि का मत दिलं, हे समिती जाहीर करत नाही.

या शेवटच्या वाक्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आता बाहेर जो वाद चालतो तो कसा असतो ते पाहू. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडून काढायची, ती वितंडा. इलाय मॅनिंगचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू. दोन सुपर बोल जिंकले आणि दोन्ही वेळा सामनावीर ठरला. पण नियमित हंगामात त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत ११७ विजय आणि ११७ पराभव. एक पक्ष दोन सुपर बोल नाचवतो, दुसरा ११७-११७ नाचवतो. दोघांचेही आकडे खरे आहेत, पण कुठल्या आकड्याला वजन का द्यायचं, हे कोणीच सांगत नाही. हा जल्प झाला. ‘तो आत आहे, मग हा का नाही?’ एवढंच म्हणत बसणं ही वितंडा. आणि आपण ज्याला चर्चा म्हणतो त्यातला बराच भाग याच दोहोंत मोडतो, मग विषय फुटबॉल असो की साहित्यातले पुरस्कार.

वाद खऱ्या अर्थाने करायचा, तर आधी लक्षण बांधावं लागतं, म्हणजे व्याख्या. आणि व्याख्येचे दोष आपल्याला ठाऊक आहेत: अव्याप्ती आणि अतिव्याप्ती. ‘सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक तो थोर’ असं म्हणून पाहा. डॅन मरिनोने एकही सुपर बोल जिंकला नाही, पण तो २००५ पासून आत आहे आणि त्यावर कोणी भांडत नाही. ही अव्याप्ती झाली. जिम प्लंकेटने दोन जिंकले, एकात सामनावीर ठरला, तरी तो बाहेर. ही अतिव्याप्ती.

बरं, मग ‘दीर्घकाळ सातत्याने खेळला तो थोर’ असं म्हणू. १९९५ साली दोन खेळाडू लीगमध्ये आले. दोघेही चेंडू घेऊन पळणारे. कर्टिस मार्टिनने सलग दहा हंगाम हजार यार्डांहून अधिक अंतर पळून मिळवलं, एकूण १४,१०१ यार्ड. टेरेल डेव्हिसने एकूण ७,६०७, जवळपास निम्मे. गुडघ्याच्या दुखापतीनंतर तो पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही, सारे मिळून ७८ सामने खेळला. पण १९९८ च्या एकाच हंगामात तो २,००८ यार्ड पळाला आणि त्याच्या संघाने लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. मार्टिन २०१२ मध्ये आत गेला, डेव्हिस २०१७ मध्ये. एकाला दिवा म्हणा, दुसऱ्याला वीज. दोघेही पात्र आहेत असंच आम्हालाही वाटतं. पण मग ‘सातत्य’ हे लक्षण मोडलं, आणि ‘शिखर’ हेही एकटं पुरेसं ठरलं नाही.

इथे कोणी म्हणेल, व्याख्याच होत नसेल तर सगळं आवडीनिवडीवर आलं. तसं नाही. विटगेन्स्टाइनने ‘खेळ’ या शब्दाबद्दलच दाखवून दिलं, की सगळ्या खेळांना जोडणारा एकच धागा नसतो, एका कुटुंबातल्या चेहऱ्यांसारखं साम्य असतं. थोरवीही तशीच आहे. एका सूत्रात बसत नाही म्हणून ती मनमानी ठरत नाही. मात्र सूत्र नसेल तिथे प्रत्येक वेळी कारण सांगावं लागतं, उलट सूत्र असतं त्याहून अधिक काळजीने सांगावं लागतं.

आता मोजमापाकडे वळू. जे मोजलं जातं ते दिसतं, जे मोजलं जात नाही ते नजरेतून निसटतं. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच आडवं पाडणं, याला ‘सॅक’ म्हणतात. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय ज्याला दिलं जातं, त्या डीकन जोन्सच्या नावावर अधिकृत सॅक एकही नाही! कारण लीगने सॅक मोजायला सुरुवात केली १९८२ मध्ये, आणि जोन्स १९७४ मध्ये निवृत्त झाला होता. त्याला १९८० सालीच मान मिळाला, कारण पाहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. जेरी क्रेमर ग्रीन बे पॅकर्सचा गार्ड, समोरच्याला अंगाने ढकलून इतरांना वाट करून देणारा. या कामाची बेरीज कुठल्याही रकान्यात होत नाही. १९६९ साली लीगने पहिल्या पन्नास वर्षांतला सर्वोत्तम संघ निवडला, त्यात क्रेमर होता. कँटनने त्याला घेतलं २०१८ मध्ये. तेव्हा तो ८२ वर्षांचा होता.

आणि फ्रिट्झ पोलार्ड. १९२१ मध्ये अ‍ॅक्रन संघाचा प्रशिक्षक झालेला, या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक. त्या काळात लीगची अधिकृत आकडेवारी नव्हतीच, ती १९३२ पासून सुरू झाली. पुढे १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ज्या लीगने त्याच्या समाजाला दाराबाहेर ठेवलं, तिच्या आठवणीत त्याची नोंद पुसट होणारच. पोलार्ड १९८६ मध्ये वारला. त्याचा पुतळा बसला २००५ मध्ये.

यापुढचा मुद्दा सगळ्यांत अवघड. समितीला सांगितलेलं असतं, की खेळाडूची मैदानावरची कामगिरीच पाहा, बाहेरचं वागणं नको. म्हणूनच १९८५ मध्ये आत गेलेल्या ओ. जे. सिम्प्सनचा पुतळा आजही तिथे आहे. खुनाच्या खटल्यात १९९५ साली तो निर्दोष सुटला, १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याला त्याच मृत्यूंसाठी जबाबदार धरलं, २००८ मध्ये दरोड्याबद्दल शिक्षा झाली. पुतळा हलला नाही. पुष्कळांना हे खटकतं, आणि का खटकतं हेही आपल्याला कळतं. पण नियम सुसंगत आहे: सन्मान त्याच्या धावण्याचा आहे, त्याचा नाही.

मग टेरेल ओवेन्सचं काय? फेकलेला चेंडू झेलण्यात त्याने १५,९३४ यार्ड मिळवले. तो शेवटचा सामना खेळला तेव्हा त्याच्यापुढे फक्त जेरी राइस होता. पाय मोडून जेमतेम सात आठवडे झाले होते, तेव्हा २००५ च्या सुपर बोलमध्ये उतरून त्याने नऊ चेंडू झेलले. तरी २०१६ आणि २०१७ मध्ये समितीने त्याला नाकारलं. काही सदस्यांनी नंतर उघडपणे सांगितलं, की तो संघात फूट पाडायचा. २०१८ मध्ये निवड झाली तेव्हा तो कँटनच्या समारंभाला गेलाच नाही, त्याने चॅटनूगाच्या आपल्या विद्यापीठात वेगळा सोहळा केला.

आता इथे थांबून विचार करू. मैदान कुठे संपतं? सिम्प्सनच्या बाबतीत ते पांढऱ्या रेषेवर संपतं. ओवेन्सच्या बाबतीत ते कपडे बदलायच्या खोलीपर्यंत पसरतं. हा फरक समर्थनीय असू शकतो. फुटबॉल सांघिक खेळ आहे, संघ फोडणं हाही खेळाचाच भाग मानता येईल. ठीक. मग तसं म्हणा, आणि ते तपासू द्या. फिलाडेल्फियाचा जो संघ त्या सुपर बोलपर्यंत पोहोचला, त्यात ओवेन्स होता. त्याच्यामुळे किती फूट पडली आणि किती जोर आला, याचा हिशेब मांडा. तोच काटा बाकीच्यांनाही लावा. कारण जाहीर नसेल तर काटा कुणासाठी बदलला, हे कळायला मार्गच उरत नाही.

आणि काटा बदलतो, हे गणितातूनही दिसतं. पूर्वी शेवटच्या पाच उमेदवारांवर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं मत द्यायचे, आणि बहुधा पाचही जण आत जायचे. २०२५ साठी नियम बदलला: शेवटी सात जण, प्रत्येक सदस्याची पाच मतं. सदस्य पन्नास धरले तर मतं २५०, आणि आत जायला ४० हवीत. मतं सातांत सारखी वाटली गेली, तर प्रत्येकी छत्तीससुद्धा पडत नाहीत! त्या वर्षी ज्येष्ठांच्या गटातला स्टर्लिंग शार्प धरून चारच जण निवडले गेले. इलाय मॅनिंग बाहेरच राहिला. खेळाडूंची योग्यता एका वर्षात घटली नव्हती. घटली ती जागा. पात्र असणं आणि रांगेत पुढे असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही पद्धत दुसरीला पहिलीचं नाव देते.

जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने, योगायोगाने १९६३ मध्येच, पात्रतेवर एक निबंध लिहिला. त्याचं सार असं, की पात्रतेला आधार लागतो. ‘अमुक माणूस पात्र आहे, पण कशामुळे ते विचारू नका’ हे विधानच पोकळ आहे. आपल्याकडे अनुमानाची पाच अंगं सांगितली आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. कँटनची समिती आपल्याला प्रतिज्ञा देते आणि पुतळ्याच्या रूपाने निगमन देते. मधला हेतू मात्र खोलीतच राहतो. मग बाहेर जल्प आणि वितंडा माजली तर दोष चाहत्यांचाच कसा?

यावर पूर्वपक्ष असा, की चर्चा गुप्त असते म्हणूनच सदस्य मोकळेपणाने बोलतात, नावं फुटली तर चाहते त्यांना जगू देणार नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो मानतो. पण नावं गुप्त ठेवून कारणं देता येतात. निवडलेल्याबद्दल एक पान, अंतिम यादीतून परतलेल्याबद्दल एक परिच्छेद. चुकीचं कारण असेल तर ते निदान खोडता तरी येईल. न सांगितलेलं कारण कसं खोडणार?

आणि ही घाई कशासाठी, असं कोणी विचारेल. पुतळा काय, उद्याही बसेल. केन स्टेबलर १९८४ च्या हंगामानंतर निवृत्त झाला, जुलै २०१५ मध्ये वारला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये निवडला गेला. त्या सात महिन्यांत त्याच्या खेळात एका यार्डाचीही भर पडली नव्हती. जो हेतू २०१६ मध्ये पुरेसा होता, तो त्याआधी इतकी वर्षं पुरेसा का नव्हता, हे विचारायचा पहिला हक्क स्टेबलरचा होता. आता ते त्याच्या वतीने आपणच विचारायचं.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरुवात करू.