संगीत नाटकातील पद आणि शेवटाचा अधिकार

मराठी संगीत नाटकाची समीक्षा बहुधा दोन स्वतंत्र दालनांत विभागली गेली आहे. एका दालनात राग, चाल आणि गायक-नट यांची चर्चा होते; दुसऱ्यात कथानक, स्वभावचित्रण आणि सामाजिक आशय यांची. पदांचे शब्द मात्र या दोहोंच्या उंबरठ्यावरच ताटकळत राहतात. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे संगीत नाटक विद्यार्थ्याला रंगमंचावर भेटण्याआधी पाठ्यपुस्तकात भेटते, तिथे या विभागणीचे परिणाम अधिक ठळकपणे जाणवतात. विद्यार्थी गद्य संवाद वाचतो, पद ओलांडून पुढे जातो आणि शेवटच्या पानावर नाटकाचा 'संदेश' शोधतो. पदाला अलंकार आणि शेवटाला निकाल मानण्याची ही सवय परीक्षेपुरती सोयीची असली, तरी ती संगीत नाटकाच्या अर्थव्यवहाराला पारखी आहे.

या सवयीचे मूळ केवळ परीक्षापद्धतीत नाही. मराठवाड्यातील श्रोत्याला प्रतीकात्मक गीत नवे नाही. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांतून विंचू, वासुदेव, जोगवा मागणारी भक्तीण अशी ओळखीची रूपे उभी केली आणि त्यांच्या आडून पारमार्थिक आशय सांगितला. विंचू म्हणजे कामक्रोध आणि उतारा म्हणजे सत्त्वगुण, ही उकल भारुडातच दिलेली असते. शेवटी येणारी नाममुद्रा तिच्यावर शिक्कामोर्तब करते. भारुडात प्रतीक आणि त्याची किल्ली एकाच हातात असतात, कारण सोंग घेणारा आणि अर्थ सांगणारा अंतिमतः एकच असतो. नाटकाची रचना वेगळी आहे. तिथे पद गाणाऱ्या पात्राला नाटकाचा शेवट ठाऊक नसतो. म्हणून भारुडाची वाचनपद्धती जशीच्या तशी संगीत नाटकाला लावली, की पात्राच्या उत्कट पण मर्यादित उद्गाराला नाटककाराच्या निष्कर्षाचा दर्जा मिळतो.

संस्कृत नाटकाने या अडचणीवर एक संकेत निर्माण केला होता. नाटकाच्या अखेरीचे भरतवाक्य हे नावाप्रमाणे भरताचे, म्हणजे नटाचे वाक्य. ते पात्राच्या मुखी येत असले तरी त्यातील मंगलकामना कथानकाच्या बाहेर, सभेकडे आणि राज्याकडे वळलेली असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' मराठीत संगीतरूपाने आणले आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आणण्यास प्रारंभ केला, तेव्हा या मंगल शेवटाचा संस्कारही मराठी प्रेक्षकाच्या अपेक्षेत रुजला. 'सौभद्रा'त ही अपेक्षा सहज पुरी होते. कृष्णाच्या योजनेमुळे अर्जुन-सुभद्रेचे मीलन होणार याची खात्री आरंभापासूनच असल्याने पदांतील विरह आणि शेवटातील विवाह यांत विसंवाद उरत नाही.

हा विसंवाद प्रथम तीव्रतेने जाणवतो तो गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदे'त (१८९९). वृद्ध भुजंगनाथाशी ठरलेल्या लग्नाच्या छायेत वावरणारी शारदा आपल्या एका प्रसिद्ध पदात भीतीलाच देह देते. भीती तिच्यासमोर मूर्तिमंत उभी राहते. या प्रतिमेचे सामर्थ्य असे, की ती केवळ एका म्हाताऱ्याची राहत नाही. बाप, दलाल, रूढी आणि पैसा या साऱ्यांचे मिळून एकच रूप तिच्यापुढे उभे ठाकते. शेवटी मात्र तिची सुटका ज्या मार्गाने होते, तो या रूपाला स्पर्श करीत नाही. वधूवर सगोत्र असल्याचे उघड होऊन विवाह मोडतो, आणि कोदंडाशी तिचे नाते धर्मपीठाच्या मान्यतेने जुळते. गोत्र भिन्न असते तर काय झाले असते, हा प्रश्न शेवट विचारत नाही. पदाने तो आधीच विचारून ठेवलेला असतो. म्हणूनच 'शारदे'चा शेवट सुखाचा असूनही ते पद सुखावत नाही. शेवटाला निकाल मानणाऱ्या वाचकाला नाटक समाधानकारक वाटेल. पद ऐकत शेवटापर्यंत आलेल्या वाचकाला मात्र त्या समाधानाची किंमत कळेल.

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. माहेरी परतण्याचा प्रश्न उभा राहतो तेव्हा सिंधू जे पद गाते, त्याच्या केंद्रस्थानी पतीचे पाय आहेत. हे पद पातिव्रत्याचा आदर्श म्हणून वाचले गेले, आणि नाटकाचा सगळा रोख त्या आदर्शाच्या गौरवाकडे आहे असा निष्कर्षही काढला गेला. परंतु याच नाटकाचे दुसरे प्रतीक शीर्षकातच आहे. ज्या पायांचा आश्रय सोडायचा नाही असे सिंधू म्हणते, ते पाय प्याल्यामुळे स्थिर उभेही राहू शकत नाहीत. पाय पदात आहेत, प्याला गद्यात आहे, आणि शोकांतिकेची निर्णायक कृती प्यालाच करतो. मृत्यूच्या दारातही सिंधू पोलिसांपुढे नवऱ्याला वाचवते. तिच्या निष्ठेवर शेवट शंका घेत नाही. ती निष्ठा कोणाला वाचवू शकते, याविषयी मात्र तो कठोर साक्ष देतो. पद आणि शेवट यांना शेजारी ठेवल्याशिवाय ही साक्ष ऐकू येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. 'एकच प्याल्या'ची पदे प्रामुख्याने वि. सी. गुर्जर यांनी रचली. मग पद आणि गद्य यांतील ताणाला नाटककाराची योजना कसे म्हणता येईल? शिवाय 'वन्समोअर'च्या प्रथेने पद प्रसंगापासून सुटून मैफलीत जात असे. बालगंधर्वांच्या स्वरांत सिंधूचे दुःख ऐकणाऱ्या प्रेक्षकाला त्या दुःखापेक्षा त्याच्या गोडव्याची ओढ अधिक लागली असेल, हेही नाकारता येत नाही. आक्षेपाचा पहिला भाग लेखकाच्या हेतूपुरता खरा आहे. परंतु अर्थ हेतूवर संपत नाही. दोन हातांनी लिहिलेली संहिता रंगमंचावर एकाच क्रमाने घडते, आणि हा क्रमच अर्थ घडवतो. दुसरा भाग तर मूळ विधानाला बळच देतो, कारण पद स्वतंत्रपणे गोड लागणे आणि नाटकात विदारक असणे, हेच या प्रकाराचे वैशिष्ट्य आहे. आस्वादाच्या नावाखाली यांपैकी एक बाजू गाळणे म्हणजे अर्धेच नाटक पाहणे होय.

शब्द तेच राहून अर्थ पालटू शकतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये (१९६७) सापडते. मकरंदासाठी कमळात शिरलेला भुंगा पाकळ्या मिटताच बंदी होतो, तरी त्याचे गुंजन थांबत नाही, अशी त्यातील एका पदाची प्रतिमा. जितेंद्र अभिषेकींनी या एकाच पदाला दोन घराण्यांच्या दोन चाली दिल्या: एक सालगवराळीतील, संथ आणि अंतर्मुख, दुसरी धानीतील, चपळ आणि आक्रमक. पहिल्या चालीत कैद ही साधना वाटते, दुसऱ्या चालीत तीच कैद जिंकलेल्या मुलखासारखी भासते. शब्दकोश उघडून भुंगा म्हणजे कलावंत आणि कमळ म्हणजे कला, असे समीकरण मांडणाऱ्या वाचकाला हा फरक दिसणारच नाही. एक खून माफ करणारी कट्यार आणि स्वतःच्या ध्यासात बंदिस्त झालेला भुंगा ही दोन प्रतीके समोरासमोर आणून नाटक जो प्रश्न विचारते, तो चालीत आहे.

विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने (१९७२) मंगल शेवटाचा संकेतच उलटा फिरवला. गणेशस्तवन, कीर्तन, अभंग, लावणी अशी पारंपरिक रूपे भास्कर चंदावरकरांच्या संगीतात एकमेकांवर आदळतात, आणि ब्राह्मणांची माणसांची भिंत एकाच कंठाने भक्तीही गाते आणि अत्याचार झाकतेही. घाशीरामाच्या हत्येनंतर नाना संकट टळल्याचे जाहीर करून उत्सवाची आज्ञा देतो. रूपाने हे भरतवाक्यच आहे, पण ते उच्चारणारा नट नाही, सत्ताधीश आहे. पाश्चात्त्य रंगभूमीवर जॉन गे याने 'बेगर्स ऑपेरा'त (१७२८) आणि ब्रेख्टने कुर्ट वाइलच्या संगीतासह 'थ्रीपेनी ऑपेरा'त (१९२८) फाशीच्या क्षणी अचानक माफी आणून सुखान्ताच्या हव्यासाचा उपहास केला. तेंडुलकरांचा उपहास अधिक थंड आहे. येथे कोणी वाचत नाही, तरीही गाणे आनंदाचे आहे, आणि त्या आनंदात प्रेक्षकाचा पायही ठेका धरतो.

या नाटकांवरून असे म्हणता येईल की शेवटाला पदाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार नाही, आणि पदालाही शेवट रद्द करण्याचा नाही. दोघांपैकी कोणाचे बोलणे अपुरे पडते आणि ते का अपुरे पडते, हे शोधणे समीक्षेचे काम आहे. हा केवळ सूक्ष्म आस्वादाचा प्रश्न नाही. शारदेची भीती गोत्राच्या तांत्रिक निवाड्याने संपली, सिंधूच्या निष्ठेने तिचे दुःख सार्थकी लागले, पुण्यावरचे संकट उत्सवाने टळले, असे वाचायला शिकलेला विद्यार्थी नाटकाबाहेरही शेवटी बोलणाऱ्याचेच खरे मानायला शिकतो. भोकरदनच्या वर्गात पद मोठ्याने वाचले गेले, शक्य तर ध्वनिमुद्रणावर ऐकवले गेले आणि मगच शेवटचे पान उघडले गेले, तर 'संदेश काय?' या प्रश्नाच्या जागी 'हे कोण म्हणते आहे, आणि कोणाला गप्प करून?' हा प्रश्न येईल. संगीत नाटकाने हा प्रश्न विचारण्याची साधने शंभर वर्षांहून अधिक काळ मराठी वाचकाच्या हाती ठेवलेली आहेत.