टॉवेल, तीन गोळ्या आणि वाजवी संशय : नानावटी खटल्याचा पुरावा पुन्हा वाचताना

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : नऊपैकी आठ ज्यूरर 'निर्दोष' म्हणाले, तर तोच वाजवी संशय नव्हे का? आज त्याचंच उत्तर शोधू. ते 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ आहे. 27 एप्रिल 1959, मुंबई. आयएनएस म्हैसूर या युद्धनौकेवरचे अधिकारी कमांडर कावस नानावटी यांना पत्नी सिल्व्हिया प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली देते. ते तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडतात, नौकेवर जातात, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतात, आधी आहुजाच्या कचेरीत आणि मग त्याच्या फ्लॅटवर पोहोचतात. आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. शयनगृहाचं दार बंद होतं आणि गोळ्या सुटतात. इथपर्यंत फारसा वाद नाही. वाद आहे तो त्या बंद दारामागच्या काही क्षणांचा. तिथे दोनच माणसं होती आणि त्यातलं एक मेलं.

बचाव पक्षाचं म्हणणं असं : नानावटींनी आहुजाला विचारलं, तू सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळणार का? त्याने उर्मट उत्तर दिलं. रिव्हॉल्व्हर असलेल्या पाकिटावर आहुजाने झडप घातली, झटापट झाली, त्यात गोळ्या उडाल्या. म्हणजे अपघात. सरकार पक्ष म्हणाला, झटापट झालीच नाही, हा ठरवून केलेला खून.

आता टॉवेल. हा पुरावा लोकांना फार आवडतो. झटापट झाली असती तर टॉवेल सुटला असता, तो अंगावर जसाच्या तसा होता, म्हणून झटापट नाही. ऐकायला किती चपखल! पण आम्हाला हा तर्क एकट्याने उभा राहील असं वाटत नाही. टॉवेल घट्ट खोचलेला असू शकतो, ओढाताण फक्त हातांची आणि काही सेकंदांची असू शकते. घरात भांडताना लुंगी सुटलीच पाहिजे असा निसर्गाचा नियम नाही (इथे हसू आलं तरी चालेल). डाव्या हाताच्या जखमेचंही तसंच. बचावासाठी वर केलेल्या हाताला गोळी लागते, तशी रिव्हॉल्व्हरकडे गेलेल्या हातालाही लागते. सरकारी पोलीस सर्जन आणि बचावाचे डॉ. बाळिगा यांच्यासारखे मातब्बर तज्ज्ञ समोरासमोर उभे राहिले, यातच काय ते आलं. नोकराने तर चार गोळ्या ऐकल्याचं सांगितलं आणि हिशेब लागतो तो तीन गोळ्यांचा. साक्षीदार खोटं बोलतो असं नव्हे. बंद दाराबाहेरून ऐकलेला धडधडाट कोणीही चुकीचा मोजेल. पण मग त्याच साक्षीतलं 'सगळं मिनिटाच्या आत झालं' हे वाक्य तेवढं अचूक कसं धरायचं? बचावाने हा प्रश्न विचारला तर तो रास्तच होता.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग संशय आहेच की. थांबा. संशय धाग्याधाग्यावर नसतो, तो सगळ्या दोरावर असतो. टॉवेल बाजूला ठेवा, नोकराचे कान बाजूला ठेवा, पोलिसांपुढची कबुलीही बाजूला ठेवा, कारण आरोपीविरुद्ध ती कायद्याने पुरावा नाहीच. उरतं काय? रिव्हॉल्व्हर खोट्या सबबीवर घेतलेलं. बरं, नानावटी म्हणाले की स्वतःला गोळी मारून घ्यायची होती. शक्य आहे. पण मग ते पाकीट घेऊन आहुजाच्या शयनगृहात का गेलं? रिव्हॉल्व्हरचा चाप प्रत्येक गोळीला वेगळा ओढावा लागतो. झटापटीत एक गोळी उडते हे आम्ही मान्य करतो. दोन म्हटलं तरी चर्चा करू. तीन गोळ्या, तिन्ही एकाच माणसाच्या अंगात, दुसऱ्याला ओरखडाही नाही, हा अपघात मनाला पटवून घ्यायला फार कष्ट पडतात. आणि त्यानंतर? खाली हटकणाऱ्या चौकीदाराला, नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलला, कोणालाच त्यांनी 'अपघात झाला' असं सांगितलं नाही. अभिमानी माणूस सबब सांगत नाही, हे खरं. पण सबब आणि सत्य यांत फरक असतो, आणि जो स्वतःहून हजर व्हायला निघाला त्याने सत्य लपवायचं कशाला?

इथे सर्वोच्च न्यायालयाच्या 24 नोव्हेंबर 1961 च्या निकालाकडे वळायला हवं. न्या. सुब्बा राव यांनी पुराव्याचा भार फार बारकाईने सोडवला आणि आमच्या मते हाच या निकालाचा सर्वांत टिकाऊ भाग आहे. अपवाद सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर, असं तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम 105 म्हणत होतं. पण अपघाताच्या बचावात एक गंमत आहे. अपघात पूर्ण सिद्ध झाला नाही, तरी त्याच पुराव्याने हेतूबद्दल वाजवी संशय निर्माण झाला, तर आरोपी सुटतो, कारण हेतू सिद्ध करणं हे सरकारचं काम आहे. चिथावणीचं तसं नाही. 'रागाच्या भरात मारलं' म्हणणारा हेतू नाकारतच नाही, तो फक्त सवलत मागतो, आणि ती सवलत त्याला सिद्ध करावी लागते. न्यायालयाने वेळ मोजली : दीडला घर सोडलं, 4.20 ला गोळीबार. मधल्या जवळपास तीन तासांत सिनेमा, नौका, कचेरी. अचानकपणा उरला नाही.

आमची टीका ज्यूरीवर आहे, पण वेगळ्या कारणाने. त्यांच्यापुढे दोन बचाव होते आणि ते एकमेकांच्या विरोधात होते : 'मी मारलंच नाही, उडाली' आणि 'मारलं, पण कोणीही मारलं असतं'. कोर्टाबाहेर, विशेषतः 'ब्लिट्झ'च्या पानांवर, दोन्ही वितळून एकच सहानुभूती झाली. ती सहानुभूती खोटी नव्हती, आम्हालाही ती वाटते. पण तिला 'संशय' हे नाव देणं ही चूक होती. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निकाल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे मार्च 1960 मध्ये जन्मठेप झाली. त्यातही ज्यूरीला समजावताना मेहतांच्याच हातून चुका झाल्या होत्या, हे उच्च न्यायालयाने दाखवून दिलं. म्हणजे दोष एकट्या ज्यूरीचा नाही. न्यायाधीशाने कायदा नीट उलगडून सांगितलाच नाही, तर व्यापारी-कारकुनांनी तो कुठून आणायचा?

जाता जाता : 'याच खटल्यामुळे भारतातून ज्यूरी गेली' हे वाक्य आपण सोडून देऊ. विधी आयोगाने 1958 च्या अहवालातच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती, आणि ती औपचारिकपणे गेली 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. पण 'रुस्तम' पाहून आलेल्या पोरांना हे सांगायला गेलं की ते आपल्याकडेच संशयाने बघतात.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे : तुम्ही ज्यूरीत असता तर? आम्ही 'दोषी' म्हटलं असतं. टॉवेलमुळे नाही, तिसऱ्या गोळीमुळे. आणि मग, 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी दिलेल्या माफीची बातमी वाचून आम्हाला बरंही वाटलं असतं. माफी हे राज्यपालांचं काम होतं, ते त्या नऊ जणांचं नव्हतं.

पुढच्या वेळी कलम 105 चे नंतरचे निवाडे घेऊ.