लेझीम कापली, पण अकबराचं काय?

लक्ष्मण उतेकरांच्या ‘छावा’वर (२०२५) प्रदर्शनाआधीच पहिला आक्षेप आला तो लेझीमवर. ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, ओरड झाली, दिग्दर्शकाने तेवढा भाग काढून टाकला. प्रदर्शनानंतर शिर्क्यांचे वंशज पुढे आले. गणोजी-कान्होजींना फितूर दाखवून घराण्याची बदनामी केली, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडेही दिलगिरी व्यक्त झाली. दोन्ही वेळा प्रश्न इभ्रतीचा होता, एकदा राजाच्या आणि एकदा आडनावाच्या.

मला लेझीम खटकली नसती. ‘बुधभूषण’ रचणाऱ्या राजाच्या हातात लेझीम आली तर त्याचं काय कमी होतं? मला खटकला तो अकबर. १६८१ साली औरंगजेबाचा हा मुलगा बापाविरुद्ध बंड करून, दुर्गादास राठोडाला सोबत घेऊन दक्षिणेत उतरला. त्याला आसरा दिला संभाजी महाराजांनी. मराठा राजा, राजपूत सरदार आणि मुघल शहजादा एका बाजूला, बादशहा दुसऱ्या बाजूला. त्याच बादशहाने पुढे १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडा बुडवलं. दोन्ही राज्यं मुसलमान सुलतानांची. नाट्य हवं असेल तर ते इथे आहे. चित्रपटात अकबर येतो, नाही असं नाही. पण त्याच्यावर कॅमेरा रेंगाळत नाही. कॅमेरा रेंगाळतो तो गर्जनांवर, सिंहाशी झालेल्या झुंजीवर आणि शेवटच्या छळावर. तो छळ बघताना डोळे माझेही भरून आले. पण तोवर चित्रपटाने सगळी गुंतागुंत इतकी पातळ केलेली असते, की त्या अश्रूंना रागाशिवाय दुसरी वाट उरत नाही. (अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलतो, म्हणूनच जास्त लक्षात राहतो, हे जाता जाता.)

शंका काढली की उत्तर तयार असतं: हा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला चित्रपट आहे. आणि चित्रपट म्हणून उणं काढलं की ऐकावं लागतं, हा आमचा इतिहास आहे. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’मधल्या चित्रणाच्या रागातून २०१७ साली पुण्यात त्यांचा पुतळा उखडला गेला. संभाजी महाराजांची ती जुनी, बदनाम प्रतिमा खोडण्याचं काम मात्र वा. सी. बेंद्र्यांनी १९६० सालच्या चरित्रात केलं होतं, तेही कागदपत्रं धुंडाळून. ‘छावा’ बेंद्र्यांनी मोकळ्या केलेल्या जमिनीवर उभा आहे. त्यांचा धीर मात्र त्याने घेतलेला नाही.

मार्चमध्ये खुलताबादच्या कबरीवरून वातावरण तापलं, १७ तारखेला नागपुरात हिंसाचार झाला. ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उफाळून आला, असं मुख्यमंत्रीच विधानसभेत म्हणाले. दंगलीचं खापर एका चित्रपटावर फोडणं मला पटत नाही. दंगल करणारे तिकीट काढायची वाट बघत नाहीत. पण शिर्क्यांना आडनाव होतं, म्हणून दिलगिरी मागता आली. औरंगजेबाचा हिशेब ज्यांच्याकडून आज उगाचच मागितला जातो, त्या नागपुरातल्या मुसलमानाने कुठल्या नात्याने दाद मागायची? अकबर नीट दिसला असता, तर निदान पडद्यावर तरी हा हिशेब इतका सोपा राहिला नसता.

१६८७ साली तो राजापूरहून जहाजाने इराणकडे निघून गेला, परत आलाच नाही. त्याच्या कोकणातल्या दिवसांवर कुणी चित्रपट काढला, तर मी पहिल्या खेळाचं तिकीट काढीन. लेझीम असली तरी चालेल.