ग्रेंजची संवत्सरे

साहित्यविषयक मासिकाच्या पृष्ठांवर मद्याचा विषय आलेला पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांस प्रारंभीच सांगितले पाहिजे की, मद्यपानाचा पुरस्कार करणे हा आमचा हेतू नाही. आणि ज्या मद्याविषयी येथे लिहावयाचे आहे, ते विकत घेण्याचे सामर्थ्य प्राध्यापकाच्या वेतनात नाही. आमचे कुतूहल आहे ते परीक्षणाविषयी. कर्ता एक, कृतीचे नाव एक, परंतु वर्षे निराळी. अशा कृतींची तुलना कोणत्या कसोटीने करावी, हा प्रश्न मद्यपरीक्षकाचा आहे तितकाच साहित्यपरीक्षकाचाही आहे.

आमच्या नगर जिल्ह्यात मद्यार्क काही थोडा निघत नाही. 1950–51 च्या हंगामात प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि मळीपासून मद्यार्क काढणे हा पुढे या जिल्ह्यातला नित्याचा उद्योग झाला. परंतु मळीच्या मद्यार्कास वर्ष नसते. यंदाचा आणि गतवर्षीचा एकाच टाकीत मिसळला तरी कोणाची तक्रार येत नाही. उलट आपल्या घरातील कोठीत वर्षाला केवढे महत्त्व! जुना तांदूळ, जुनी चिंच, मुरलेले लोणचे यांची योग्यता कोणत्याही गृहिणीस सांगावी लागत नाही. चरकसंहितेतही नवे मद्य जड आणि जुने हलके, असा भेद केलेला आहे. 'मुरणे' आणि 'शिळे होणे' ही दोन क्रियापदे मराठीने निराळी ठेवली, यातच परीक्षणाचे अर्धे शास्त्र आले. द्राक्षमद्याच्या बाटलीवर फळ खुडल्याचे वर्ष लिहितात. इंग्रजीत त्यास 'व्हिंटेज' म्हणतात. आम्ही येथे संवत्सर म्हणू.

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ मॅगिल येथे डॉ. ख्रिस्टोफर पेनफोल्ड यांनी 1844 मध्ये द्राक्षांचा मळा लावला. या पेढीचे मद्यकार मॅक्स शूबर्ट 1950 मध्ये युरोपात गेले होते. बोर्दो येथे त्यांनी चाळीस-पन्नास वर्षांची तांबडी मद्ये चाखली, आणि असे दीर्घायुषी मद्य आपल्या देशी शिराझ द्राक्षापासून का होऊ नये, हा ध्यास घेऊन ते परतले. 1951 मध्ये त्यांनी पहिला प्रयोग केला. अमेरिकन ओकच्या नव्या पिंपांत मुरविलेले हे मद्य म्हणजे ग्रेंज. प्रवरेकाठी पहिला ऊस गाळला जात होता, त्याच सुमारास ही गोष्ट घडली.

1957 मध्ये सिडनीतील जाणकारांसमोर पहिली संवत्सरे ठेवण्यात आली, तेव्हा त्यांनी ती धिक्कारली. हे तर कोरड्या पोर्टसारखे आहे, हे घेणार कोण, असा एकंदर सूर निघाला. पेढीने उत्पादन थांबविण्याची आज्ञा केली. शूबर्ट यांनी मात्र 1957, 1958 आणि 1959 या तीन वर्षांचे मद्य मॅगिलच्या तळघरांत गुपचूप केले. परंतु नवी पिंपे विकत घेणे त्यांस शक्य नव्हते. परीक्षकाच्या दृष्टीने ही तीन संवत्सरे बहुमोल होत. द्राक्ष तेच, हात तोच, केवळ नवे लाकूड नाही. नव्या ओकच्या गंधाची व बळाची उणीव त्यांत भासते, असा पुढील परीक्षकांचा सर्वसाधारण अभिप्राय आहे. कर्त्याच्या शैलीत साधनाचा वाटा किती, याचे इतके स्वच्छ उत्तर साहित्यात क्वचितच मिळते.

मधल्या काळात तळघरातील जुन्या बाटल्या मुरल्या. ज्यांस ते मद्य दुःसह वाटले होते, त्यांसच ते आता गोड लागू लागले. 1960 मध्ये बंदी उठली आणि 1962 मध्ये 1955 च्या संवत्सरास सिडनीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. पुढे 1979 मध्ये पॅरिसमधील स्पर्धेत 1971 चे संवत्सर शिराझच्या वर्गात पहिले आले, आणि 1995 मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने 1990 च्या ग्रेंजला वर्षातील सर्वश्रेष्ठ मद्य ठरविले.

यावरून पहिले परीक्षक अरसिक होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी कोवळ्या मद्याचा तुरटपणा सांगितला तो खराच होता. परंतु तो दोष आहे की पुढील आयुष्याची शिदोरी आहे, हे ओळखण्यास त्यांच्यापाशी जुनी उदाहरणे नव्हती. 2008 चे संवत्सर बाजारात येताच दोन प्रमुख अमेरिकन नियतकालिकांनी त्यास शंभरपैकी शंभर गुण दिले. उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य घालविलेल्या माणसास या गुणांचे हसू येईल. तथापि या परीक्षकांच्या मागे अर्ध्या शतकाहून अधिक संवत्सरांची रांग उभी होती, म्हणून त्यांचे भाकीत 1957 च्या भाकिताहून अधिक विश्वसनीय आहे. तरी ते भाकीतच होय. 1971 ची कीर्ती हा निकाल आहे. 2008 चा निकाल अद्याप लागावयाचा आहे.

किंमत हे तर प्रमाणच नव्हे. 1951 च्या एका बाटलीस लिलावात एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम पडली आहे. पण ते मद्य आपला बहर केव्हाच ओलांडून गेले आहे. तेथे मोल आहे ते दुर्मिळतेचे, रसाचे नव्हे. जुन्या पोथीचे पूजन करणारा आणि ती वाचणारा यांतील हा भेद आहे.

आणखी एक शंका येथे संभवते. ग्रेंजची द्राक्षे एका मळ्यातील नसतात. बरोसा, मॅक्लारेन व्हेल अशा निरनिराळ्या भागांतून ती निवडून घेतात. त्यामुळे 1951 पासून एकही वर्ष खंड पडलेला नाही. याच्या उलट त्याच देशातील 'हिल ऑफ ग्रेस' हे हेन्श्के घराण्याचे मद्य एकाच जुन्या मळ्याचे; 2000 साली पीक मनासारखे न आल्याने ते काढलेच नाही. त्या वर्षीचा ग्रेंज मात्र अल्प प्रमाणात का होईना, निघाला. यांत श्रेष्ठ कोण? सातत्य राखण्यास मोठे कसब लागते, हे आम्ही मान्य करतो. परंतु दर दिवाळी अंकास कथा देणाऱ्या लेखकांचे अनुभव आठवता, एखाद्या वर्षी मौन पाळणारा कर्ता आम्हांस अधिक आदरणीय वाटतो.

आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातही आता शिराझ पिकते. 2001 मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखल्यापासून तेथे हा उद्योग वाढला. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोड, असा तेथला क्रम. थंडी किती पडली आणि अवकाळी पाऊस केव्हा आला, यावर वर्षाचे भवितव्य ठरते. म्हणजे संवत्सरांत भेद पडण्यास लागणारी सर्व सामग्री येथे आहे. तुलना करण्यास जुन्या बाटल्यांची रांग तेवढी हवी. प्रत्येक मद्यकाराने दरवर्षी काही पेट्या बाजूस ठेवाव्यात, दहा व वीस वर्षांनी त्या तिऱ्हाईत जाणकारांपुढे उघडाव्यात, आणि अभिप्राय प्रतिकूल आले तरी ते छापावेत. हीच शिस्त आम्ही परीक्षकांनीही लावून घ्यावी. ज्या पुस्तकावर प्रसिद्धीच्या वर्षी आम्ही लिहितो, त्यावर वीस वर्षांनी पुन्हा लिहिण्याची प्रथा या मासिकाने पाडली, तर काय मुरले आणि काय शिळे झाले, हे वाचकांस कळेल.