‘शॅल’ आणि ‘मे’ : कायद्याच्या मराठीत काय निसटतं?

आज दोनच इंग्रजी शब्द घेऊ : ‘शॅल’ आणि ‘मे’. शाळेत आपण शिकलो, की ‘आय’ आणि ‘वी’पुढे ‘शॅल’, बाकी सगळीकडे ‘विल’. हा नियम जॉन वॉलिसच्या १६५३ च्या व्याकरणात सापडतो. कायद्यात मात्र तो चालत नाही. तिथे कर्ता तृतीय पुरुषी असला तरी ‘शॅल’ येतं, आणि ते कर्तव्य सांगतं. या शब्दाचं मूळच ‘देणं लागणं’ असं आहे. ‘मे’चं मूळ ‘समर्थ असणं’. कायद्यात तो मुभा देतो.

दोन्ही शब्द शेजारी बघायचे तर संविधानाचा अनुच्छेद ७४ घेऊ. राष्ट्रपतींनी मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानुसारच वागायचं, हे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं ‘शॅल’ घालून पक्कं केलं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं ‘मे’ आणलं : सल्ला फेरविचारासाठी परत पाठवता येतो, पाठवलाच पाहिजे असं नाही. पण फेरविचारानंतर आलेला सल्ला मानावाच लागतो. तिथे पुन्हा ‘शॅल’.

आता मराठीकडे येऊ. ‘मे’साठी कायद्याची मराठी ‘करता येईल’ म्हणते, ते नेमकं आहे. ‘शॅल’साठी मात्र साधा भविष्यकाळ येतो : ‘करील’, ‘असेल’. आमचा आक्षेप इथे आहे. ‘तो घरी असेल’ म्हटलं की आपण अंदाज समजतो. माहिती अधिकार कायदा, २००५ घ्या. माहिती अधिकाऱ्यानं तीस दिवसांत माहिती द्यायची किंवा कारण देऊन नाकारायची, हे तिथे ‘शॅल’नं बांधलेलं आहे. तेच ‘अधिकारी माहिती देईल’ असं वाचलं, तर अर्जदाराला वाटतं, देईल बापडा कधीतरी! हक्काचं आश्वासन होऊन बसतं.

मग विध्यर्थ वापरायचा का? ‘अधिकाऱ्याने माहिती द्यावी’? तेही पुरत नाही. ‘मुलांनी मोठ्यांचं ऐकावं’ यात उपदेशच जास्त. आमच्या मते जिथे कर्तव्य आहे तिथे ‘दिलीच पाहिजे’ किंवा ‘देणे बंधनकारक आहे’ असं सरळ लिहावं. ‘असेल’ फक्त पहिल्या अनुच्छेदासारख्या ठिकाणी ठेवावं, जिथे कोणावर काम सोपवलेलं नाही, भारत हा राज्यांचा संघ आहे एवढंच ठरवलेलं आहे.

कोणी म्हणेल, इंग्रजीत तरी कुठे सगळं पक्कं आहे? खरंय. लोकसेवा आयोगाशी सल्लामसलत करण्याबाबतच्या अनुच्छेद ३२० मधलं ‘शॅल’ सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये मनबोधन लाल श्रीवास्तव खटल्यात ठरवलं. उलट काही संदर्भांत न्यायालयं ‘मे’सुद्धा बंधनकारक मानतात. पण तो वाद निदान न्यायालयात होतो. मराठी वाचकाला वाद घालण्याजोगं काही आहे, हेच ‘देईल’ कळू देत नाही.